पेज ४ केबीचं नसेल तर? वेगवेगळ्या पेज साइझवर आणि ३२/६४ बिटवर सॉफ्टवेअर तपासायला शिकताना

जायकवाडीचा उपयुक्त साठा साधारण २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर) धरतात. घनमीटरमध्ये मांडला तर २१७ कोटी १० लाख. आता दुसरा आकडा बघा. चिन्ह असलेल्या ३२ बिट पूर्णांकात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ एवढीच संख्या मावते. दोन्हींत जेमतेम एका टक्क्याचा फरक आहे.

समजा कुणी सी भाषेत धरणाच्या साठ्याचा छोटा प्रोग्राम लिहिला, साठा घनमीटरमध्ये ठेवला आणि त्यासाठी ‘लाँग’ हा प्रकार वापरला. त्याच्या ६४ बिट उबुंटू लॅपटॉपवर सगळं छान चालेल. तोच प्रोग्राम ३२ बिट बोर्डवर टाकला तरी दुष्काळाच्या वर्षी काहीच बिघडणार नाही, अर्ध्या भरलेल्या धरणातही नाही. धरण ९८.९ टक्क्यांच्या पुढे गेलं की मात्र पडद्यावर उणे आकडा येईल. पूर्ण भरल्यावर तो साधारण उणे २,१२,३९,६७,२९६ असेल. म्हणजे अख्खा मराठवाडा ज्या दिवशी त्या आकड्याकडे डोळे लावून बसलेला असतो, नेमका त्याच दिवशी प्रोग्राम तोंडघशी पडणार. आणि हे फक्त जुन्या ३२ बिट मशीनवरच होतं असंही नाही. ६४ बिट विंडोजवरही ‘लाँग’ ३२ बिटचाच असतो.

अशा चुका आपल्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाहीत. लिहिणाऱ्याने एक आकडा गृहीत धरलेला असतो आणि त्याच्या मशीनवर तो खराच असतो. नांदेड, लातूर, संभाजीनगरच्या कॉलेजांतून नुकतेच बाहेर पडलेले, एक बरा लॅपटॉप आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणारे जे आहेत, त्यांनी अशा चुका कशा पकडायच्या ते इथे सांगतो. त्यासाठी नवं मशीन विकत घ्यावं लागत नाही. आज्ञांची आणि पॅकेजांची नावं इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरांतच करायची.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

वर्ड साइझ म्हणजे आपण ज्याला ३२ बिट, ६४ बिट म्हणतो ते. पॉइंटर किती बाइटचा, ‘लाँग’ किती बाइटचा, ‘साइझ-टी’ किती मोठा आणि बऱ्याचदा वेळ मोजणारा ‘टाइम-टी’ किती मोठा, हे त्यावरून ठरतं. लिनक्सवर ३२ बिटमध्ये पॉइंटर आणि लाँग ४ बाइटचे, ६४ बिटमध्ये ८ बाइटचे. ‘इंट’ मात्र दोन्हीकडे ४ बाइटचाच राहतो. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

पेज साइझ ही निराळी भानगड आहे. ऑपरेटिंग सिस्टीम मेमरी सुट्या बाइटमध्ये वाटत नाही, ठरावीक आकाराच्या पेजमध्ये वाटते. इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरवर हे मूळ पेज ४,०९६ बाइटचं असतं, १९८५ च्या ८०३८६ पासून. दोन एमबीची ‘ह्यूज पेज’ त्यांच्यावरही असतात, पण त्यांचा या कामाशी संबंध नाही. मोबाइल आणि छोट्या बोर्डांवर असतात त्या ६४ बिट एआरएम प्रोसेसरमध्ये ४, १६ आणि ६४ केबी असे तीन पर्याय आहेत आणि कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) बनवणारा त्यांतला एक निवडतो. ॲपलच्या एम मालिकेतल्या मॅकवर मॅकओएस १६ केबी वापरतं. रास्पबेरी पाय ५ या छोट्या संगणक-बोर्डवर रास्पबेरी पाय ओएसचा मूळ ६४ बिट कर्नल १६ केबीचा आहे. आयबीएमच्या पॉवर सर्व्हरवर लिनक्सचं पेज बहुतेक वेळा ६४ केबीचं असतं. आणि आता अँड्रॉइडही १६ केबीकडे निघालंय. त्यामुळे ‘४०९६ म्हणजे ४०९६’ हा भरवसा आता संपला.

पायरी १ : मशीनलाच विचारा

टर्मिनल उघडा आणि ‘गेटकॉन्फ’ या आज्ञेपुढे ‘पेजसाइझ’ लिहा, सगळी कॅपिटल अक्षरं. लॅपटॉपवर ४०९६ येईल. मग ‘गेटकॉन्फ’ पुढे ‘लाँग-बिट’ लिहा, दोन शब्दांमध्ये अंडरस्कोर. ३२ किंवा ६४ येईल.

बरेच जण यासाठी ‘युनेम’ला एम पर्याय लावून बघतात. त्यावर विसंबू नका. ती आज्ञा कर्नल कोणता आहे ते सांगते, तुमचा प्रोग्राम कोणत्या जगात चालतोय ते सांगत नाही. रास्पबेरी पाय ४ वर ३२ बिट रास्पबेरी पाय ओएस टाकलं तर अलीकडच्या आवृत्तीत कर्नल ६४ बिट असतो आणि वरचे सगळे प्रोग्राम ३२ बिट. युनेम म्हणतं ‘एआर्च६४’, लाँग-बिट म्हणतो ३२. तुमच्या कामाचं उत्तर दुसरं. शंका राहिलीच तर ‘फाइल’ ही आज्ञा तुमच्या तयार बायनरीवर, म्हणजे कंपाइल झालेल्या प्रोग्रामवर चालवा, ती ३२ की ६४ ते सरळ सांगते.

प्रोग्रामच्या आतूनही हाच प्रश्न विचारायचा. सीमध्ये ‘सिसकॉन्फ’ला पेजसाइझचा स्थिरांक द्या. पायथॉनमध्ये ‘एममॅप’ मॉड्यूलमध्ये हा आकडा तयार मिळतो. आकडा कोडमध्ये लिहून ठेवण्याऐवजी चालू असताना विचारला, तर पुढच्या निम्म्या अडचणी उद्भवतच नाहीत.

पायरी २ : कोडमध्ये संशयित शोधा

चाचणी चालवण्याआधी ‘ग्रेप’ घ्या आणि ४०९६, ४०९५, बारा बिटांचे शिफ्ट, ‘पेज-साइझ’ नावाचे स्वतः ठरवलेले स्थिरांक हे सगळं शोधा. ३२ बिटसाठी ‘लाँग’, पॉइंटरचं ‘इंट’मध्ये केलेलं रूपांतर आणि ‘प्रिंटएफ’मध्ये साइझ-टीसाठी वापरलेली चुकीची चिन्हं बघा.

सापडलेला प्रत्येक ४०९६ दोषी नसतो. फाइल वाचायला ४,०९६ बाइटचा बफर घेतला असेल तर घेऊ द्या, त्याने काही बिघडत नाही. उगाच सगळीकडे बदल करून पॅच पाठवला की मुख्य प्रोग्रामर मंडळी वैतागतात, आणि ते बरोबरच आहे. खरे दोषी सापडतात ते एममॅपच्या (फाइल थेट मेमरीत जोडणाऱ्या फंक्शनच्या) ऑफसेटजवळ, ‘एमप्रोटेक्ट’ आणि ‘एमॲडव्हाइज’च्या आसपास, स्वतः लिहिलेल्या मेमरी ॲलोकेटरमध्ये (मेमरी वाटून देणाऱ्या कोडमध्ये) आणि मेमरी किती वापरली ते मोजणाऱ्या कोडमध्ये.

यातला शेवटचा प्रकार जरा जवळून बघण्यासारखा आहे. लिनक्सवर ‘प्रॉक’ खाली प्रत्येक प्रोसेसची ‘स्टॅटएम’ नावाची फाइल असते. त्यातले आकडे बाइटमध्ये नसतात, केबीमध्येही नसतात, ते पेजमध्ये असतात. कितीतरी स्क्रिप्ट ते आकडे वाचतात आणि बिनधास्त ४ ने गुणून केबी म्हणून दाखवतात. १६ केबीच्या मशीनवर हीच स्क्रिप्ट खऱ्या वापराच्या एक चतुर्थांश आकडा दाखवते, ६४ केबीवर एक सोळांश. ना एरर, ना क्रॅश. सर्व्हर मेमरीसाठी तडफडत असतो आणि डॅशबोर्ड म्हणतो सगळं आलबेल. अशा चुकीला चाचणीत पकडायचं तर ओळखीच्या आकाराची मेमरी घ्या, उदाहरणार्थ १०० एमबी. ती खरोखर लिहून भरा आणि दाखवलेला आकडा तेवढा वाढला का ते ताडून पाहा.

पायरी ३ : आहे त्या लॅपटॉपवर ३२ बिट

हे आजच, जेवायच्या आधी होऊ शकतं. डेबियन किंवा उबुंटूवर ‘जीसीसी-मल्टिलिब’ पॅकेज घ्या आणि प्रोग्राम ‘एम३२’ पर्याय लावून कंपाइल करा. ‘बिट्स’ फोल्डरमधली एखादी हेडर फाइल सापडत नाही अशी तक्रार आली तर मल्टिलिब बसलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. फेडोरावर ग्लिबसीचं (लिनक्सच्या मूळ सी लायब्ररीचं) ‘आय६८६’ डेव्हलपमेंट पॅकेज आणि त्याच जातीचं ‘लिबजीसीसी’ लागतं.

प्रोग्रामला बाहेरच्या लायब्ररी बऱ्याच लागत असतील तर मल्टिलिबच्या नादी लागू नका, पॅकेजांच्या भांडणात अख्खा दिवस जातो. त्यापेक्षा ३२ बिट डेबियनचा कंटेनर घ्या, म्हणजे वेगळी सिस्टीम असल्यासारखी एक बंदिस्त जागा. डॉकरला प्लॅटफॉर्म ‘लिनक्स/३८६’ सांगितलं की झालं. कंटेनरमध्ये कर्नल मात्र तुमचाच असतो, त्यामुळे आतूनही युनेम ६४ बिटच सांगतं आणि काही कॉन्फिगर स्क्रिप्ट त्याला फसतात. बिल्डच्या आज्ञेआधी ‘लिनक्स३२’ ही छोटी आज्ञा लावा. मग युनेम ‘आय६८६’ म्हणायला लागतं आणि स्क्रिप्ट ताळ्यावर येतात.

गो भाषेत काम करणाऱ्यांची तर चैनच आहे. ‘गोआर्च’ला ३८६ द्या आणि नेहमीची टेस्ट चालवा, इंटेल लॅपटॉपवर ती थेट चालते. फक्त तेव्हा सीगो (गोमधून सी कोड वापरायची सोय) आपोआप बंद होतं हे लक्षात असू द्या. रस्टमध्ये ‘आय६८६’चं टार्गेट जोडलं की कार्गो टेस्ट करता येते.

एआरएमचं ३२ बिट हवं असेल तर ‘क्यूएमयू’ या दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामचा युजर मोड आणि ‘आर्मएचएफ’ डेबियनचा कंटेनर. हळू चालतं, पण चालतं. इंटेल ३२ बिटवर सगळं पास झालं म्हणून हे टाळू नका. कारण सांगतो. एका स्ट्रक्टमध्ये एक इंट आणि त्यामागे एक डबल आहे असं धरा. लिनक्सवर ३२ बिट इंटेलमध्ये तो स्ट्रक्ट १२ बाइटचा होतो, ३२ बिट एआरएममध्ये १६ बाइटचा, ६४ बिटमध्येही १६ बाइटचा. कुणी हा स्ट्रक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये लिहिला असेल, तर एका मशीनवरची फाइल दुसऱ्यावर वाचताना पर्जन्यमापकाच्या नोंदीतून भलतेच आकडे बाहेर पडतील. यासाठीची चाचणी अगदी साधी आहे. एका बाजूने फाइल लिहायची, ती उचलून दुसऱ्या बाजूला वाचायची आणि मग उलट करायचं. एकाच बाजूने लिहून तिथेच वाचणारी चाचणी ही चूक कधीच दाखवणार नाही.

आता ३२ बिटमध्ये नेमके कोणते आकडे द्यायचे? आकडा मोठा पाहिजे आणि सीमेच्या अगदी लगतचा पाहिजे. २,१४,७४,८३,६४७ द्या, त्याहून एक जास्त द्या. मग ४,२९,४९,६७,२९५ आणि त्याहून एक जास्त. पण केवळ असे कोरडे आकडे देऊन थांबू नका, तुमच्या विषयातला आकडा त्या सीमेला कुठे टेकतो ते शोधा. आडतीचं सॉफ्टवेअर रक्कम पैशांत ठेवत असेल तर ३२ बिटची सीमा २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैशांवर येते. २०२४-२५ च्या ४,८९२ रुपये हमीभावाने सोयाबीनचे ४,३८९ क्विंटल बसतात, ४,३९० वा क्विंटल आला की हिशेब उलटा. लातूरच्या आडत बाजारात हंगामाच्या दिवसांत ही रक्कम काही मोठी नाही. टेस्ट केस लिहिताना असा आकडा घातला की ती चाचणी का आहे हे सहा महिन्यांनी वाचणाऱ्यालाही कळतं.

सोबत कंपाइलरचा ‘सॅनिटाइझ’ पर्याय ‘अनडिफाइंड’ देऊन चालू ठेवा. सीमध्ये चिन्हासहित पूर्णांक उतू गेला तर पुढे काय व्हावं हे भाषा सांगतच नाही. बहुधा उणे आकडा दिसतो, पण ऑप्टिमायझेशन लावल्यावर काहीही दिसू शकतं. सॅनिटायझर ओळ क्रमांकासकट जागा दाखवतो.

तारखा वेगळ्या तपासाव्या लागतात. ३२ बिट टाइम-टी १९ जानेवारी २०३८ ला आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतो. अजून वेळ आहे असं वाटतं, पण आज दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्याच्या पलीकडे जातो, म्हणजे ती तारीख प्रोग्रामला आजच मोजावी लागते. ग्लिबसीच्या २.३४ आवृत्तीपासून ३२ बिटवरही ६४ बिट वेळ घेता येते, पण कंपाइल करताना तसं सांगावं लागतं. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिट एआरएमवर हा बदल केला आणि ३२ बिट इंटेलला जुन्याच हिशेबावर ठेवलं. त्यामुळे दोन्हीकडे निकाल वेगळे आले तर दचकू नका.

मोठी फाइल तपासायला डिस्कवर जागा नाही ही सबब चालणार नाही. ‘ट्रंकेट’ या आज्ञेने ३ जीबीची पोकळ फाइल तयार करा. ती डिस्कवर जवळपास काहीच जागा घेत नाही, पण २ जीबीच्या पुढे अडखळणारा ३२ बिट प्रोग्राम ती उघडतानाच ‘व्हॅल्यू टू लार्ज’ म्हणून हात वर करतो.

पायरी ४ : पेज साइझ खरोखर बदला

वर्ड साइझसाठी वापरलेल्या दोन युक्त्या इथे कुचकामी आहेत आणि नवशिक्यांचा वेळ सगळ्यात जास्त इथेच वाया जातो. कंटेनरमध्ये पेज साइझ बदलत नाही, कारण कर्नल यजमान मशीनचाच असतो. क्यूएमयूचा युजर मोडही यासाठी विश्वासाचा नाही, तोही शेवटी तुमच्या ४ केबीच्या कर्नलवरच उभा असतो. पेज साइझ कर्नल ठरवतो, म्हणून वेगळा कर्नल बूट झालाच पाहिजे. आणि इंटेल-एएमडीच्या हार्डवेअरमध्ये तो पर्यायच नाही, म्हणून एआरएमकडे जावंच लागतं.

सगळ्यात उत्तम साधन म्हणजे रास्पबेरी पाय ५. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राकडे असेल तर दोन दिवसांसाठी मागून आणा. त्यावर ६४ बिट रास्पबेरी पाय ओएस टाकलं की १६ केबी मिळतं. मग ‘बूट/फर्मवेअर’ फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग’ फाइलमध्ये ‘कर्नल’ बरोबर ‘कर्नल८.आयएमजी’ अशी एक ओळ टाका आणि रीबूट करा. आता ४ केबी. मशीन तेच, बायनरी तीच, लायब्ररी त्याच, बदललं फक्त पेज. चूक १६ केबीवर येते आणि ४ केबीवर येत नाही हे असं दाखवलं की कुणी वाद घालत नाही. एवढा स्वच्छ पुरावा दुसऱ्या कुठल्याही मार्गाने मिळत नाही, म्हणून मी हा मार्ग पहिला ठेवतो.

रास्पबेरी पाय नसेल तर क्यूएमयूचा सिस्टीम मोड. अख्खं एआरएम मशीन सॉफ्टवेअरमध्ये उभं करायचं. त्यात डेबियन १३ ची एआरएम६४ आवृत्ती टाका आणि नंतर १६ केबीचा कर्नल पॅकेजमधून घ्या, त्याच्या नावाच्या शेवटी ‘१६के’ असतं. ६४ केबीसाठी उबुंटूमध्ये ‘लिनक्स-जेनेरिक-६४के’ आहे, अल्मालिनक्स ९ मध्ये ‘कर्नल-६४के’. सीपीयूचा प्रकार ‘मॅक्स’ द्या. इंटरनेटवरच्या बऱ्याच उदाहरणांत ‘कॉर्टेक्स-ए७२’ दिलेला असतो. त्याच्यात १६ केबीची सोयच नाही, त्यामुळे कर्नल उठत नाही आणि आपण उगाच डिस्क इमेजला दोष देत बसतो.

हे मशीन फार हळू चालतं. इंटेल लॅपटॉपवर एआरएमची प्रत्येक सूचना भाषांतर करून चालवावी लागते, केव्हीएमचा (सूचना प्रोसेसरवर थेट चालवण्याचा) वेग मिळत नाही. म्हणून कंपाइल आतमध्ये करू नका. बाहेर क्रॉस कंपायलरने बायनरी बनवा आणि आत फक्त चाचण्या चालवा. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर आतल्या मशीनला २ जीबी दिले तरी भागतं. डाउनलोडला नेटइन्स्टॉलची छोटी इमेज घ्या, हॉटस्पॉटचा दिवसाचा डेटा त्यातच संपायला नको. आणि लाइटचं काय सांगावं! रात्रभर चाचणी लावून झोपायचं तर डिस्क ‘क्यूकाऊ२’ प्रकारची ठेवा, सगळं बसवून झाल्यावर एक स्नॅपशॉट घेऊन ठेवा आणि चाचणीचा लॉग आतल्या मशीनमध्ये न ठेवता यजमान लॅपटॉपवर ओळीओळीने लिहिला जाईल असं बघा. पहाटे लाइट गेली आणि बॅटरीही संपली, तरी कुठपर्यंत आलो होतो ते कळतं.

ॲपलचा एम मालिकेतला मॅक कुणाकडे असेल तर त्यावर मॅकओएसचे प्रोग्राम १६ केबीवर तपासता येतात. मात्र रोझेटातून (ॲपलच्या भाषांतर करणाऱ्या सोयीतून) चालणाऱ्या इंटेल बायनरीला ४ केबीच दिसतं, आणि मॅकवरच्या डॉकरमधलं लिनक्स स्वतःच्या कर्नलचं ऐकतं. आत गेल्यावर गेटकॉन्फला विचारल्याशिवाय निकाल लिहू नका.

अँड्रॉइडवाल्यांना तर आता पर्याय उरलेला नाही. अँड्रॉइड १५ किंवा त्यापुढच्या आवृत्तीसाठी बनवलेली नवी ॲप आणि अपडेट गूगल प्लेवर टाकताना १ नोव्हेंबर २०२५ पासून १६ केबीचा नियम आहे. फक्त कोटलिन किंवा जावा असेल तर बहुधा काही करावं लागत नाही. पण फ्लटर, रिॲक्ट नेटिव्ह किंवा एखादं बाहेरचं एसडीके वापरलं की ‘एसओ’ फाइल (सी/सी++ च्या तयार लायब्ररी) येतातच, आणि नेमक्या त्याच तपासायच्या. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये त्यांचं अलाइनमेंट दिसतं. १६ केबीची एम्युलेटर इमेज एसडीके मॅनेजरमध्ये आहे. ती चालू करून ‘एडीबी शेल’मधून गेटकॉन्फ चालवा, १६३८४ आलं की कामाला लागा. एनडीके (अँड्रॉइडची सी/सी++ साधनं) आर२८ पासून १६ केबीचं अलाइनमेंट आपोआप मिळतं, जुन्या एनडीकेवर अडकून असाल तर आधी ते बदला.

पायरी ५ : काय मोडतं ते ओळखा

पहिलं मोडतं ते लोडिंग. बायनरी किंवा लायब्ररी ४ केबीच्या हिशेबाने जोडलेली असेल तर १६ केबीचा लोडर ती उचलतच नाही, ‘पेज-अलाइन्ड नाही’ अशा अर्थाची एक ओळ देऊन थांबतो. ‘रीडएल्फ’ला छोट्या एलचा पर्याय देऊन लोड सेगमेंटचा अलाइन रकाना बघा. तिथे हेक्समध्ये १००० म्हणजे ४ केबी, ४००० म्हणजे १६ केबी, १०००० म्हणजे ६४ केबी. लिंकरला ‘मॅक्स-पेज-साइझ’ १६३८४ किंवा ६५५३६ दिलं की प्रश्न मिटतो. मोठ्या अलाइनमेंटची बायनरी ४ केबीवरही बिनतक्रार चालते.

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे ‘जेईमॅलॉक’. हा मेमरी ॲलोकेटर बऱ्याच प्रसिद्ध प्रोग्रामांच्या पोटात असतो आणि पेज साइझ तो कंपाइल होतानाच ठरवून टाकतो. ४ केबीच्या मशीनवर बनवलेला रेडिस हा डेटाबेस १६ केबीच्या पायवर नेला की ‘अनसपोर्टेड सिस्टीम पेज साइझ’ म्हणून सुरू होण्याआधीच मरतो. कॉन्फिगर करताना ‘एलजी-पेज’ १६ द्या, म्हणजे ६४ केबीपर्यंत सगळीकडे चालतो.

एममॅपला दिलेला ऑफसेट पेजच्या पटीत नसेल तर ‘ईइनव्हॅल’ (चुकीचं मूल्य) हा एरर येतो. हे लगेच दिसतं, लगेच दुरुस्त होतं.

पाइपची गोष्ट मात्र डोकं खाते. लिनक्समध्ये पाइपची मूळ क्षमता १६ पेज असते. ४ केबीवर ती ६४ केबी होते, १६ केबीवर २५६ केबी आणि ६४ केबीवर १ एमबी. ‘६४ केबी लिहिल्यावर लिहिणारा अडला पाहिजे’ असं धरून चालणारी चाचणी १६ केबीवर अडतच नाही आणि फेल होते, किंवा अडण्याची वाट बघत लटकून राहते. इथे प्रोग्राम निर्दोष असतो, चाचणीच चुकलेली असते. वेगळ्या पेज साइझवर पहिल्यांदा चाचण्या चालवल्या की लाल दिसणाऱ्या ओळींत असल्या बऱ्याच निघतात. म्हणून फेल झाली की लगेच बग नोंदवू नका, आधी चाचणीचा कोड वाचा.

याच्या उलटही घडतं, मोठं पेज चूक लपवतं. एखादा प्रोग्राम फाइल एममॅपने उघडतो आणि शेवटी शून्य बाइट मिळेल या आशेवर स्ट्रिंगची फंक्शनं चालवतो. फाइल बरोबर ४,०९६ बाइटची असेल तर ४ केबीवर तिच्या पुढे काहीच नसतं, तिथे प्रोग्राम कोसळू शकतो. तीच फाइल १६ केबीवर घेतली तर उरलेलं पेज शून्यांनी भरलेलं असतं आणि सगळं सुरळीत चालतं. म्हणून चाचणीच्या फाइल आधी बनवून रेपोमध्ये ठेवू नका. चाचणी सुरू होताना पेज साइझ विचारायची आणि तेवढ्याच लांबीची, एक बाइट कमी, एक बाइट जास्त अशा तीन फाइल तिथल्या तिथे तयार करायच्या.

स्वॅपवाल्यांसाठी एक छोटी सूचना. पायवर कर्नल बदलताना आधी तयार केलेली स्वॅप फाइल दुसऱ्या पेज साइझवर चालू होत नाही, ती ‘एमकेस्वॅप’ने नव्याने बनवावी लागते. मेमरी कमी पडून चाचण्या मरत असतील तर आधी हे तपासा.

किती जोड्या तपासायच्या

सगळ्या शक्य जोड्या तपासायला बसलात तर आयुष्य पुरणार नाही. माझ्या मते सुरुवातीला तीन बस्स झाल्या. नेहमीचं ६४ बिट ४ केबी, इंटेल ३२ बिट ४ केबी आणि एआरएम ६४ बिट १६ केबी. पहिल्या दोन प्रत्येक बदलानंतर चालवा, तिसरी रात्री. स्ट्रक्ट फाइलमध्ये लिहिणारा किंवा नेटवर्कवरून पाठवणारा प्रोग्राम असेल तर ३२ बिट एआरएम जोडा. डेटाबेस, ॲलोकेटर, फाइल सिस्टीम असलं काही असेल तर ६४ केबी घ्याच, त्यासाठी एआरएम सर्व्हर तासाच्या भाड्याने घेतला तर क्यूएमयूपेक्षा खूप लवकर उरकतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. वर्ड साइझ आणि पेज साइझ दोन्ही एकदम बदलून फेल झालं तर दोष कुणाचा ते शोधण्यात दुप्पट वेळ जातो.

बग कळवताना

‘पायवर चालत नाही’ एवढंच लिहिलेल्या तक्रारीला उत्तर येत नाही. पेजसाइझ आणि लाँग-बिट या दोन्हींचं उत्तर, ‘फाइल’ आज्ञेने बायनरीबद्दल सांगितलेली ओळ, कर्नलची आवृत्ती आणि कंपाइल करताना दिलेले पर्याय हे सगळं जसंच्या तसं चिकटवा, स्क्रीनशॉट नको. मग चूक पुन्हा घडवणारा सगळ्यात लहान प्रोग्राम द्या, वीस-तीस ओळींचा असला तर उत्तम. आणि त्याखाली लिहा की हाच प्रोग्राम त्याच मशीनवर ४ केबीच्या कर्नलवर चालवला तेव्हा काय झालं. ज्या प्रोजेक्टकडे १६ केबीचं मशीनच नाही, तिथले लोक तुमच्याकडे पॅच तपासून मागतील. तेव्हा क्यूएमयूची ती डिस्क इमेज आणि स्नॅपशॉट अजून जागेवर असू द्या.